भानुदास मिस्त्री, यंदा शाळेला रंग नाही

भानुदास मिस्त्री, गेल्या रविवारी तुमच्या तेराव्याला मी भर पंगतीत भांडले. एव्हाना तुमच्या कानावर आलंच असेल. गावातली कुठली गोष्ट तुमच्या कानावर यायची राहिली आहे?

पानात लापशी वाढून झाली होती. सरपंच दोन शब्द बोलतो म्हणून उठले आणि बरेच शब्द बोलल्यावर म्हणाले, "आपल्या मिस्त्रींनी उभा जन्म शाळेला गिलावा केला, रंग दिला. कवा मजुरीला हात पसरला न्हाय. त्येंच्या नावानं आपुन या दोन दिसांत शाळा रंगवून काढू. दर्शनी भितीवर त्येंचं नाव घालू. बेस्तरवारी पाहणीला सायेब येतेत, त्येंच्याबी डोळ्यात भरंल. रंगाचे डबे आणून ठिवलेत." सगळ्या माना हलल्या. तुमच्या बायकोनं, आम्हा सगळ्यांच्या काकूंनी, डोळ्याला पदर लावला.

मी पानावरून उठले आणि म्हणाले, "नाही. शाळेला रंग लागणार नाही. मी तिथं मुख्याध्यापिका आहे तोवर तर नाहीच."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आज तरी!" खरं सांगते, मलाही कसंतरी झालं. गावच्या गवंड्याच्या तेराव्याला शाळेच्या बाईनं त्याच्या नावाचा रंग नाकारायचा, हे काही बरं दिसत नाही. पण तुमच्या नावाखाली तोच जुना खोटेपणा पुन्हा भिंतीला फासला जाणार होता आणि ते मी होऊ देणार नव्हते. गाव काय काय बोललं ते सगळं ऐकून घेतलं, काकूंच्या पाया पडले, उपाशीच स्कूटी काढली आणि तुळजापूरला घरी येऊन कांदा-भाकरी खाल्ली. तीही रडत. एवढं मात्र गावाला सांगू नका.

"बाईंच्या जिभेला ओळंबा न्हाय," असं तुम्हीच म्हणायचात ना माझ्या पाठीमागं? दोरीला बांधलेलं ते तुमचं पितळी वजन, भिंत सरळ आहे की कललीय ते सांगणारं. मला कळलं होतं तुम्ही असं म्हणता ते. राग आला नव्हता.

तुमची माझी पहिली भेट झाली तेव्हा तुम्ही शिडीवर होता आणि मी खाली. मी बदली होऊन आले तो जून होता, दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती. डोक्याला टॉवेल, हातात कुंचा, मिशीवर पांढरे ठिपके. "कुणी सांगितलं रंगवायला?" मी विचारलं. तुम्ही वरूनच म्हणालात, "सांगायला कशाला पायजे, बाई? शाळा म्हंजी गावाचं तोंड. पैल्या दिशी लेकरं येनार, तोंड धुतल्यालं नगं व्हय?" मला फार कौतुक वाटलं. इतक्या शाळा फिरले, पण आपण होऊन शाळेला हात लावणारा माणूस पाहिला नव्हता. ते कौतुक आजही आहे. भांडण वेगळं आणि कौतुक वेगळं, हे मला तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही.

आपल्या शाळेच्या खोल्या चार. दोन अलीकडच्या, सिमेंटच्या. दोन निजामाच्या काळातल्या: दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यांच्यावर नंतर कधीतरी टाकलेले पत्रे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या हलल्या, पडल्या नाहीत. तुम्ही तेव्हा तरणेबांड होता. घरं सावरायला बाहेरून इंजिनियर आले होते, त्यांच्या हाताखाली राहून तुम्ही सळया घालून भिंत शिवायला शिकलात आणि शाळेच्या भिंती स्वतः शिवल्यात. पुढं दर वर्षी भेग दिसली की बुजवायची, फुगवटा आला की तासायचा, वर गिलावा, त्यावर रंग. हाताला सफाई अशी की भेग कुठं होती ते नंतर तुम्हालाच शोधावं लागायचं. आपलं फसलं ते तिथंच.

कारण दुरुस्तीचे पैसे सगळ्या शाळांना पुरतील एवढे कधीच येत नाहीत. म्हणून यादी होते. ज्या खोल्या पडायला झाल्या त्यांचा नंबर आधी, ज्यांना नुसती डागडुजी हवी त्यांचा शेवटी, आणि शेवटपर्यंत पैसे काही पोचत नाहीत. दरम्यान आपल्या वेशीवर स्वागताची कमान उभी राहिली. ग्रामपंचायतीपुढं रंगीत फरशा बसल्या. कमानीखालून रोज जाते, तिला बघून रोज माझं डोकं फिरतं. लेकरं काही कमानीखाली बसून पाढे म्हणत नाहीत.

गेल्या वर्षी पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर गावानं काय केलं, तर घरी पाहुणा येणार म्हटल्यावर करतात ते सगळं केलं. सडा-रांगोळी झाली, आंब्याच्या पानांचं तोरण लागलं, फेटा आणि नारळ ताटात तयार. तुम्ही दोन दिवस राबून जुन्या खोल्यांना नवा रंग दिलात. मागच्या भिंतीला आतून मोठी भेग होती, तिच्यावर कुणीतरी महाराष्ट्राचा नकाशा टांगला. साहेबांना सिमेंटच्या खोलीत पंख्याखाली बसवून धपाटे आणि दही खाऊ घातलं, पोरींनी स्वागतगीत म्हटलं. साहेब जुन्या खोल्यांवरून एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मॅडम, इतकी छान शाळा तालुक्यात दुसरी नाही." कागदावर 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं आणि फेटा सावरत गाडीत बसले. शेजारच्या गावात कुणी झाडूसुद्धा मारला नव्हता. पत्रा उडालेला, भिंत उघडी. त्यांच्या दोन खोल्या मंजूर झाल्या. त्यांचाही हक्कच होता, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं जे म्हणणं होतं ते मी तुमच्यावर काढलं. "आजारी माणसाला पावडर लावून दवाखान्यात नेता का तुम्ही?"

"बाई, पाव्हण्याम्होरं घरातली फुटकी भांडी कोन मांडतंय?"

"तो पाहुणा नव्हता, मिस्त्री! तपासायला आला होता!"

"आल्याला मानूस पाव्हनाच असतुय."

आणि मग मी बोलायला नको होतं ते बोलले. म्हणाले, "दुपारी खिचडी खायला पोरं त्याच भिंतीच्या सावलीत ओळीनं बसतात. उद्या एखादं लेकरू तिच्याखाली सापडलं, तर त्या मरणावर पहिली सही तुमची असेल."

तुम्ही कुंचा बादलीत धुतलात, झटकलात, टॉवेलात गुंडाळलात आणि निघून गेलात. महिनाभर शाळेकडं फिरकला नाहीत. पोरं विचारायची, मिस्त्रीआजा कुठं गेला? मी सांगायचे, कामावर गेलेत.

मग एके सकाळी परिपाठ चालू असताना तुम्ही आलात. मागच्या भिंतीला बाहेरून शिडी लावलीत, माथ्याला खिळा ठोकून ओळंबा खाली सोडलात. वर दोरी भिंतीला टेकलेली, खाली ते पितळी वजन भिंतीपासून सुटलेलं. तुम्ही उकिडवे बसलात आणि त्या फटीत हाताची बोटं आडवी घातलीत.

"बाई, चार बोटं भाईर झुकलीया भित. म्या इतकी सालं वरवर गिलावा करत ऱ्हायलो. ओळंबा लावलाच न्हाय."

गवंड्याला असं म्हणणं किती जड जातं ते मला कळत होतं. त्याच वेळी मी तुमची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी म्हटलं, "चला, तालुक्याला जाऊ. यादी बघू." माझं हे असंच.

कचेरीत लिपिकानं फाइल काढली. आपल्या शाळेचा नंबर पार तळाला. मी आवाज चढवल्यावर त्यानं फाइलच आपल्यापुढं फिरवली. "मॅडम, फोटो बघा की. एवढी देखणी शाळा, तिला धोकादायक म्हणायचं तरी कसं?" फोटोत तुमचा रंग दिसत होता, ताजा, पांढराशुभ्र, खाली निळा पट्टा. आणि फोटोखाली माहितीचा तक्ता. खोल्यांची स्थिती: चांगली. त्याच्याखाली सही माझी.

तो तक्ता दर वर्षी मीच भरते, मिस्त्री. आधीच्या मुख्याध्यापकांनी 'चांगली' लिहिलं होतं, मी तेच उतरवत गेले. 'धोकादायक' लिहिलं की पंचनामे, खेटे, आणि वर, मग इतके दिवस मुलं का बसवलीत, हा प्रश्न. कोण ओढवून घेतो तो ताप? भिंत तर छान दिसत होती. साहेब तुमच्या रंगाला फसले ते एका दिवसात. मी वर्षानुवर्षं खुशीनं फसून घेत होते, आणि तोंड वर करून तुम्हालाच बोलत होते.

तुमचं बोट फोटोवरून खाली सरकत त्या सहीपाशी आलं आणि थांबलं. तुम्ही चौथीपर्यंत त्याच खोलीत शिकलेले, अक्षर लावून लावून वाचायचात. मी बघत होते. वाटलं, आता हा माणूस मान वर करून माझ्याकडं बघेल. तुम्ही बघितलं नाहीत. लिपिकाला म्हणालात, "सायेब, ह्यो फोटू खोटा हाय. रंग म्या दिलाय. चूक माजी हाय, लिवून घ्या."

लिपिक हसला. "आजोबा, रंग देणं ही चूक कधीपासून झाली?"

परतीच्या एसटीत तुम्ही भुईमुगाच्या शेंगा घेतल्यात. अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्यात आणि बेंबळीचा थांबा येईपर्यंत सोलत बसलात. सहीचं नाव काढलं नाहीत. नंतरही कधी काढलं नाहीत. माझ्यासारखीच्या हातात तुमची अशी चूक सापडली असती, तर मी ती सगळ्या गावात वाजवली असती.

तिथून पुढं आपण एका बाजूचे झालो म्हणावं, तर तेही नाही. तुम्ही लगेच दुसरं टोक धरलंत. "सरकारची वाट बगत बसलो तर ही पोरं म्हातारी व्हतील. म्या भित उतरवतो. धा गडी द्या, गाव बांधून काढंल." मी म्हणायचे, अजिबात नाही. गावानं बांधली की पुढल्या वर्षी यादीत आपलं नावही राहायचं नाही. शाळा बांधणं हे सरकारचं काम आहे, आपण भीक मागत नाही. परवानगीशिवाय सरकारी भिंतीला हातही लावता येत नाही. तुम्ही तंबाखू मळत सगळं ऐकून घ्यायचात आणि शेवटी म्हणायचात, "तुमचं खरं आसंल बाई. पन भित कागूद वाचत न्हाय."

खिचडीची पंगत मी त्या भिंतीपासून उठवून कडुनिंबाखाली नेली, भिंतीभोवती दोरी बांधली, दोन्ही जुन्या खोल्यांना कुलूप घालून तिसरी-चौथीचे वर्ग मारुतीच्या देवळात नेले. हे तुमच्यामुळं केलं. तुम्ही मात्र दोरीकडं बघून म्हणालात, "दोरीनं का भित थांबतीया?"

या उन्हाळ्यात तुमचा दम वाढला. जन्मभराची चुन्या-सिमेंटची धूळ छातीत बसलेली. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर होता, बोलताना मध्ये मध्ये थांबत होता. "यादी लागली का?" लागली नव्हती. "नंबर वर सरकला का?" नव्हता. तुम्ही हसलात. "मंग म्याच उतरवतो. जरा दम बसू द्या." मी त्या दिवशी ठरवून आले होते, मिस्त्री. सहीचं बोलायचं, माफी मागायची. तेवढ्यात काकूंनी चहा आणला, शेजारचे आले, कुणीतरी यंदा पाऊस कसा आहे ते विचारलं. आता पुढच्या आठवड्यात बोलू, म्हणून मी उठले. त्या पुढच्या आठवड्यात तुम्ही नव्हता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेत माझ्याशी कुणी धड बोललं नाही. सरपंचांनी डबे माझ्या कार्यालयात आणून आदळले आणि म्हणाले, "तुमीच सांबाळा आता." पहिल्या तासाला काकू आल्या. मला वाटलं, आता ह्या मला बोलणार, आणि बोलल्या तर मी खाली मान घालून ऐकणार. त्यांनी पदराखालून तुमचा ओळंबा काढला.

"घरात खुटीला लोंबतुया. येता-जाता दिसतुया. मला बगवंना बाई. तुमी भितीलाच लावा."

"काकू, मी काल जे बोलले..."

"त्ये बी आसंच बोलायचे रंगाचं," त्या म्हणाल्या. "फकस्त गावाम्होरं तोंड उघडलं न्हाय कवा. तुमी उघडलं."

तुम्ही ठोकलेला खिळा तिथंच होता. आम्ही दोघींनी शिडी लावून दोरी सोडली. वजन हलायचं थांबल्यावर काकू खाली बसल्या आणि त्यांनी तुमच्यासारखीच बोटं आडवी घातली. तुमच्याइतकीच राठ आणि जाड बोटं आहेत त्यांची. चार बोटं गेली. मग त्यांनी वर अंगठाही घातला. तोही गेला.

मग त्या उठल्या आणि तशाच सरपंचांच्या घरी गेल्या. तिथं काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही. पण गुरुवारी रांगोळी नव्हती, तोरण नव्हतं, नकाशाही कुणी टांगला नाही. फेटा सरपंचांच्या खांद्यावरच्या पिशवीत होता, तो पिशवीतच राहिला.

या वेळी साहेब दुसरे होते, तरुण. गाडीतून उतरून ते सवयीनं सिमेंटच्या खोलीकडं निघाले. मी आडवी झाले. म्हटलं, "चहा आहे, नंतर आहे. आधी मागं चला." मागं अख्खं गाव भिंतीपासून लांब, निंबाखाली उभं होतं. साहेब ओळंब्यापुढं थांबले. दोरीकडं बघितलं, खाली वाकले, आपली बोटं घातली आणि चटकन काढून घेतली.

"हा कुणी लावला?"

सरपंच म्हणाले, "सायेब, गेल्या साली ज्येनी रंग दिला व्हता, त्येनीच." मिस्त्री, सरपंच म्हणाले हे, मी नव्हे. आता काय म्हणाल त्यांना!

मी शेरेबुक पुढं केलं. शाळेला भेट देणाऱ्या प्रत्येकानं त्यात शेरा लिहायचा असतो, आणि आपल्या शाळेच्या शेरेबुकात आजवर नुसतं कौतुक आहे. साहेब म्हणाले, कचेरीत गेल्यावर अहवालात लिहितो. मी म्हटलं, "अहवालात लिहाच. पण आधी इथं लिहा, या भिंतीसमोर उभं राहून." त्यांनी लिहिलं: मागील भिंत ओळंब्याबाहेर, जुन्या दोन्ही खोल्या धोकादायक, वापर करू नये. खाली सही केली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मी लिहिलंय, पण यादीत नंबर वर जाईल की नाही ते माझ्या हातात नाही."

"ज्यांच्या हातात आहे त्यांना सांगा," मी म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत या खोल्यांचं काही झालं नाही, तर सुट्टी संपल्यावर आमचा चौथीचा वर्ग तुमच्या कचेरीच्या पायऱ्यांवर भरेल. फळा आम्ही घेऊन येऊ." साहेब हसले. गाव हसलं नाही. मागून काकू म्हणाल्या, "खिचडीबी तितंच शिजवू," आणि साहेबांचं हसू गेलं.

हे सगळं परवाचं. पैसे आलेले नाहीत, भिंत अजून तिथंच आहे, झुकलेली. 'भित कागूद वाचत न्हाय' या तुमच्या वाक्याला उत्तर सापडलेलं नाही आणि तुम्ही नसताना ते शोधायला मजाही येत नाही. पण काल मी यंदाचा तक्ता भरला. खोल्यांच्या स्थितीपुढं 'धोकादायक' लिहिलं. शेऱ्याच्या जागेत लिहिलं की मागील वर्षांची माहिती चुकीची होती आणि ती मीच भरली होती. आता माझ्यावर नोटीस येईल. येऊ दे. नोटिशीला उत्तर द्यायला मला चांगलं येतं.

मी तुम्हाला म्हणाले होते, पहिली सही तुमची असेल. मिस्त्री, ती पहिली सही माझी होती. तुम्ही ती वाचलीत, आणि चूक माजी हाय म्हणालात. तुमच्यासमोर बसून मला हे बोलायला हवं होतं. ते झालं नाही. माझी चूक झाली. मला माफ करा.

रंगाचे डबे माझ्या टेबलाखाली आहेत. नवी भिंत उभी राहील तेव्हा आधी तिला तुमचा ओळंबा लावून बघू, काकू बोटं घालून बघतील आणि बोट आत गेलं नाही, तरच डबा उघडू.